स्ट्रेबोने हिणवलेले व्यापारी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोवरचा लेख आवडला. पण तो वाचून स्ट्रेबो भारत पाहून गेला, असा समज होतो. तो इकडे कधी आलाच नाही. आजच्या तुर्कस्तानातील अमास्याचा हा गृहस्थ इजिप्तचा रोमन सुभेदार एलियस गॅलस याच्याबरोबर नाईलवरून आस्वानपर्यंत गेला होता. त्याच्या 17 खंडांच्या 'भूगोला'त भारत येतो तो 15व्या खंडात, आणि तोही चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारातला ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस याच्यासारख्यांच्या जुन्या ग्रंथांच्या आधाराने. गंमत अशी की, कान अंथरून झोपणाऱ्या माणसांच्या कथा सांगतो म्हणून तो मेगॅस्थेनिसला थापाड्या म्हणतो आणि पाटलीपुत्राची लांबी-रुंदी मात्र त्याच्याकडूनच घेतो.

स्वतः जाऊन आलेल्यांवर याचा विश्वास बसणे अवघडच. मार्सेयचा पिथिअस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ब्रिटनपर्यंत गेला, त्याच्याही उत्तरेला सहा दिवसांवर असलेल्या 'थुले' नावाच्या मुलखाविषयी त्याने लिहिले. स्ट्रेबोने त्याला सरळ खोटारडा ठरवले. पिथिअसचे पुस्तक आज हरवले आहे. त्यात काय होते, हे आपल्याला बऱ्याच अंशी कळते ते स्ट्रेबोच्या या टीकेमुळेच!

व्यापाऱ्यांच्या वाट्यालाही तेच आले. तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून 120 जहाजे भारताकडे जातात, हे त्यानेच नोंदवले आहे. पण त्यांवरून जाणारे लोक सामान्य, त्यांनी पाहिलेल्या मुलखाच्या माहितीसाठी ते निरुपयोगी, असा त्याचा शेरा आहे.

लेखात राहून गेलेली गोष्ट पुढेच आहे. स्ट्रेबोनंतर काही दशकांतच अशाच एका 'सामान्य' माणसाने, इजिप्तमधल्या अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने, 'पेरिप्लस' हे सागरी व्यापारमार्गांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आमचे तेर, गोरोबाकाकांचे. स्ट्रेबोच्या एवढ्या मोठ्या ग्रंथात सोपारा, कल्याण, पैठण, तेर यांतले एकही गाव नाही.

तेरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई, असेही हा व्यापारी लिहितो. वाटेत लांबच लांब मुलखात रस्ताच नाही, हेही त्याने नमूद केले आहे. आमच्या भागातली ही तक्रार इतकी जुनी आहे, हे मला त्याच्यामुळेच कळले.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, धाराशिव