अ‍ॅव्होकॅडो राहू द्या, आधी बी-12 बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला आहार आणि मनःस्वास्थ्यावरचा लेख वाचला. रंगीत चित्रं सुरेख होती. अ‍ॅव्होकॅडो, ब्लूबेरी, सालमन मासा, क्विनोआ. लक्ष्मी मंडईत जाऊन एखाद्या मावशीकडे ब्लूबेरी मागून बघावी. मन तिथल्या तिथे प्रसन्न होईल, निदान तिचं तरी.

2023 हे भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा तुमच्याच पुरवणीत ज्वारीचे केवढे गोडवे गायले होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या भौगोलिक मानांकनाचंही कौतुक झालं. वर्ष सरलं, ज्वारी परत पोत्यात गेली आणि पानावर क्विनोआ आला. असो.

माझा राग चित्रांवर नाही. 'गोळ्यांपेक्षा ताट बरं' असं चौकटीत छापलंय, त्या वाक्यावर आहे. कारण हे वाक्य मी पैसे मोजून ऐकलेलं आहे.

मध्यंतरी माझं मन कशातच लागेना. बोलता बोलता शब्द आठवायचे नाहीत, सुनेवर विनाकारण खेकसायचे, पायांना सारख्या मुंग्या. घरचे म्हणाले वय झालं, शेजारच्या म्हणाल्या रिकामपण. एका ओळखीच्या बाईंनी मला एका आहार केंद्रात नेलं. तिथे वजन केलं, फोटो काढला आणि छापील तक्ता हातात दिला. पहिलीच ओळ : भाकरी बंद. शेंगाची चटणी बंद, कारण 'फॅट'. रात्री नुसतं भोपळ्याचं सूप. सकाळी बिनदुधाची स्मूदी, कारण दुधानं म्हणे मन जड होतं. मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या घेता, किती वर्षं घेता, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. साखर उतरवणारी गोळी चालू आणि ताटात भाकरी नाही, मग व्हायचं तेच झालं. पहाटे घाम फुटायचा, हात थरथरायचे, छाती धडधडायची आणि समोर येईल त्याच्यावर तोंड सुटायचं. केंद्रात जाऊन सांगितलं तर म्हणे, शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत. धीर धरा, आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरा.

शेवटी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, ''दूध-दही किती घेता? अंडं खाता का?'' आमच्या घरात अंडं शिजत नाही. दूध तक्त्यानं बंद केलेलं. वर मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन कितीतरी वर्षं चालू. रक्त तपासलं तर बी-12 दीडशेच्याही खाली. साधारण 200 च्या आत आलं की कमतरता धरतात. हे जीवनसत्त्व ज्वारीत नाही, भाजीत नाही, शेंगदाण्यातही नाही. शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक एवढाच आधार. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आहे तेही नीट अंगी लागत नाही, आणि पित्तावरच्या रोजच्या गोळीचंही तेच. मज्जातंतूंना बी-12 लागतं, म्हणून मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, उदासी. इंजेक्शनं झाली, साखरेच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बदलून दिला, भाकरी ताटात परत आली. फरक किती पडला ते सुनेला विचारा. पायाच्या मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. उपचाराला उशीर झाला की त्या राहू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. तो उशीर कुणामुळे झाला, त्यावरही एक रंगीत पान काढा कधीतरी.

तुमच्या अख्ख्या लेखात बी-12 चा उल्लेख नाही. मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन मात्र परिच्छेदागणिक आहे. शरीरातलं 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपलं आपण बनवतो. तेव्हा 'केळं खा, आनंदी व्हा' इतकं ते सोपं नाही. आणि ऑस्ट्रेलियातल्या 2017 च्या ज्या प्रयोगाचा हवाला तुम्ही दिलात, तो नातीनं मोबाइलवर काढून मला समजावून सांगितला. माणसं होती 67. आहार बदललेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोक 12 आठवड्यांत नैराश्यातून बाहेर आले, नुसता गप्पागोष्टींचा आधार मिळालेल्यांपैकी 8 टक्के. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातल्या बहुतेकांच्या गोळ्या किंवा समुपदेशन आधीपासून चालूच होतं! ताट गोळ्यांच्या जोडीला होतं, गोळ्यांच्या जागी नव्हतं. चौकटीत हे यायला हवं होतं, तुम्ही नेमकं उलटं छापलंत. उद्या कुणी ते वाचून मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या बंद केल्या, तर लेखिकाबाई येणार आहेत का? शिवाय त्या प्रयोगातलं जेवण म्हणजे मुख्यतः कोंड्यासकटचं धान्य, डाळी-कडधान्यं, भाज्या, दाणे, मासे आणि ऑलिव्ह तेल. शेवटचे दोन सोडले तर भाकरी, डाळ आणि मेथीच्या भाजीपासून ते किती लांब आहे?

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, बाजूला चहाचा कप आणि त्यात बुडवलेली खारी. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत जेवण नाही, आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते. त्यावर परत चहा, म्हणजे जेवणातलं थोडंफार लोहही वाया. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. या बाईंना थकवा आला, रडू यायला लागलं, तर त्यांना पुरवणी दाखवू? काय खावं हे तुम्ही सांगितलंत. घरात सर्वांत शेवटी कोण जेवतं, ते विचारायचं राहिलं.

लेखाच्या शेवटी 'रात्री आठ तास शांत झोप घ्या' असाही सल्ला आहे. जरूर. फक्त नळाला सांगा. चार-पाच दिवसांनी पाणी येणार, तेही कधी रात्री दोनला, आणि उठून मोटर लावली नाही तर पुढचे चार दिवस शिमगा. पिंप, टाकी, बादल्या भरून होईपर्यंत दूधवाला दारात. पाणी कोणत्या भागात किती वाजता येणार, एवढं रोज पहिल्या पानावर ठळक छापलंत तर शहराची निम्मी चिडचिड कमी होईल, त्याला अ‍ॅव्होकॅडो लागणार नाही.

पत्र लांबलंय, कात्री लावलीत तरी हरकत नाही. पाण्याचं हवं तर काढा, बी-12 चं ठेवा. आणि जागेची अडचण असेल तर त्या लेखाखाली 'मन प्रसन्न' करणाऱ्या पावडरीची जी जाहिरात होती, ती काढा. सगळं पत्र आरामात मावेल.

आपली,
एक जुनी वाचक, जुळे सोलापूर