विल्या, एक मिस्सा दादांसाठी

जालना
२४ ऑक्टोबर

प्रिय विल्या,

सात महिन्यांत तुला एक ओळ नाही. शिव्या मी स्वतःलाच देऊन झाल्यात, तू नव्या देऊ नकोस. माझी शुगर आहे तशीच, गुडघाही.

माय नीट जेवत नाही, म्हणून लिहितोय. गेल्या महिन्यात आमच्या घरी प्रार्थनासभा होती. बाहेरगावचा एक तरुण उपदेशक आला होता. जेवताना कुणीतरी आमच्या वारलेल्या वडिलांचा, दादांचा विषय काढला, तर यानं सरळ बायबलातल्या रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय काढला. मुखानं कबूल केलं नाही, बाप्तिस्मा नाही, मग तारण कसलं, स्वर्ग कसला? माय ताटं उचलत होती. तेव्हा गप्प राहिली. रात्री अंथरुणावरून म्हणाली, "मंग मी तरी तिथं जाऊन काय करू?"

दादा तुला माहीत आहेत. आधी सायकलवर, मग लुनावर, दर रविवारी तिला चर्चला आणायचे आणि उपासना संपेपर्यंत लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. गळ्यात तुळशीमाळ. पाळकसाहेब "आत या की" म्हणाले, की यांचं ठरलेलं उत्तर, "मी चपला राखतो."

मी तिला येशूशेजारच्या वधस्तंभावरचा चोर सांगितला. त्यानं कुठं बाप्तिस्मा घेतला होता? तरी प्रभू म्हणाला, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. माय म्हणाली, "तो बोलला तरी. यांनी उभ्या जन्मात नाव घेतलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती अंगणात सूप घेऊन मालदांडीचं बियाणं निवडत बसली होती. मला पौलाचं आठवलं, पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही, करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. तिनं मूठभर ज्वारी माझ्यापुढं धरली. "पेरलेलं उगवतं रे. भाजलेलं उगवत नसतं." काकांनी दादांना गावी जाळलं, अस्थी पैठणला सोडल्या, आणि हिची जागा इथं कबरस्तानात. मी म्हणालो, रोमच्या कॅथलिक चर्चनं १९६३ पासून दहन चालवून घेतलंय, पुनरुत्थानाला त्याची आडकाठी नाही असं विल्या सांगायचा. तर म्हणे, "विल्याचं काय ऐकतो!" हसलो दोघं. एवढंच काय ते हसणं महिन्याभरातलं. नाही म्हणायला बायबलातल्या सात नवऱ्यांच्या बाईवरूनही एकदा हसली. पुनरुत्थानात लग्नं नसतात हे मी वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मला नवरा नको तिथं. हे नुसते दिसले तरी पुरे."

आता माझी गोम. होस्टेलात मी तुला छळलं ते आठवतंय? तुमच्या कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, आमच्या प्रोटेस्टंट बायबलात ६६, मग वरची सात कुठून घुसडली म्हणून. तू मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय दाखवलास, मेलेल्या शिपायांसाठी प्रार्थना केली तो, आणि मी तुझी वही खिडकीतून फेकली. (कॅरमचा स्ट्रायकर मात्र मी फेकला नव्हता. हे शेवटचं सांगतोय.) आमच्याकडं माती दिली की संपलं, मेलेल्यासाठी जिवंत माणसानं काही मागायचं नाही. तुमच्याकडं मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा २ नोव्हेंबर तरी असतो. तुमचं ते मेल्यावर शुद्ध होण्याचं ठिकाण दुसरी संधी नव्हे, तिथं पोचतात ते वाचलेलेच, हे मला कळतं. १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेतलंही तूच सांगितलंस, स्वतःच्या चुकीशिवाय ज्याला ख्रिस्त कळला नाही पण जो देवाला शोधतो, तोही तरू शकतो. पण दादांना कळलं नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? चाळीस वर्षं खिडकीतून ऐकलंय त्यांनी. काही गाणी पाठ होती. दाढी करताना गुणगुणायचे.

ते गुणगुणणं कशात धरायचं, सांग.

फादर कुणासाठीही मिस्सा, म्हणजे तुमची ती चर्चमधली उपासना, देऊ शकतात, जिवंत असो की मेलेला, असं तू म्हणाला होतास. यंदा २ तारखेला दादांचं नाव यादीत घाल. पैसे पाठवतो. आमच्या मंडळीत कळलं तर माझी पंचाईत, आणि मायला तर मुळीच सांगू नकोस. किंवा थांब, मायला सांगायचं की नाही तेही तूच ठरव.

पोरीचं नर्सिंगचं झालं का? घराचा स्लॅब टाकून झाला म्हणे, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

तुझा
दाव्या

ता. क. यादीत नाव 'विठ्ठल' असंच लिही. फादर दचकले तर सांभाळून घे.