छातीठोक, पण चूक

महोदय,

शब्दकोडे सोडवताना अडलेल्या एका जुन्या शब्दाचा अर्थ मी एआयला विचारला. त्याने तो छातीठोकपणे सांगितला, वर एका कोशाचा पृष्ठक्रमांकही दिला. कोश घरातच होता. त्या पानावर तो शब्द नव्हता. चूक दाखवताच माफी मागून त्याने दुसरे पान सांगितले. तेही चूक! मग गंमत म्हणून त्याच्या एका बरोबर उत्तरालाही मी 'चूक' म्हटले, तर ते उत्तरही त्याने मुकाट्याने मागे घेतले.

याला खोटे बोलणे म्हणता येणार नाही. आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे संभवते, याचा हिशेब ही यंत्रणा करते. उत्तर खरेच असेल, याची हमी त्या हिशेबात नसते. म्हणून भाषा सफाईदार आणि संदर्भ हवेतला, असे होते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला.

पत्राचा मसुदा, लांबलचक मजकुराचा सारांश यासाठी मी एआय रोज वापरतो. औषधाची मात्रा किंवा कायद्याचे कलम मात्र मूळ कागद पाहिल्याशिवाय कुणाला पाठवत नाही. कोड्यातली ती चार घरे अजून रिकामीच आहेत.

— एक वाचक