वरखर्च म्हणजे उधळपट्टी नाही

संपादक महोदय,

आमची मुलगी अमेरिकेत बायोलॉजीत पीएचडी करतेय म्हणून हे लिहितोय. तिकडचं रिसर्च मुलांच्या फीवर चालतं असं आपल्याकडे वाटतं, पण त्यात सगळ्यात मोठा वाटा फेडरल सरकारचा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने (मेडिकल रिसर्चला पैसे देणारी तिकडची सरकारी संस्था) जाहीर केलं की ग्रँटवरचा वरखर्च, म्हणजे वीज, इमारत, देखभाल यासाठी ग्रँटच्या वर मिळणारे पैसे, यापुढे सरसकट १५ टक्केच देणार, मोठ्या युनिव्हर्सिट्यांना तो ५० टक्क्यांच्याही वर मिळायचा. वरखर्च म्हटलं की लोकांना उधळपट्टी वाटते, पण लेकीच्या लॅबमधला उणे ८० डिग्रीचा फ्रीजर रात्रंदिवस चालू असतो, त्याचं वीजबिल ह्याच पैशातून जातं, तो बंद पडला तर तिची चार वर्षांची मेहनत गेली. कोर्टाने तो निर्णय अडवला खरा, पण तोवर तिच्या डिपार्टमेंटने नव्या अ‍ॅडमिशन कमी केल्या होत्या. हार्वर्ड युनिव्हर्सिटीच्या ग्रँटचे २.२ अब्ज डॉलर सरकारने त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोठवले, ते बेकायदा आहे हे कोर्टाने सांगेपर्यंत सप्टेंबर उजाडला. तेवढे महिने पोरांनी काय करायचं? इथून मुलांना पाठवणाऱ्या पालकांनो, लोन काढायच्या आधी गाईडची ग्रँट कुठून येते आणि किती वर्षांची आहे तेवढं नक्की विचारा.

– एक पालक, पुणे