दिवाळीला येत नाही, त्याचं कारण

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

आई, चकलीची भाजणी एवढ्यात दळून आणू नकोस. मी दिवाळीला येत नाहीये, तिकीट रद्द केलं. फोनवर "सुट्टी नाही" म्हणाले ते खोटं होतं. मला इथे सुट्टीच सुट्टी आहे, तेच तर दुखणं आहे.

बाबा, आधी गोळी घ्या, मग पुढचं वाचा.

मी वेगळी होतेय. तुमच्या जावयांनी हात उचललेला नाही, दारू नाही, बाहेर काही नाही. चारचौघांत सांगण्यासारखं कारण सापडेना म्हणूनच दोन वर्षं गप्प बसले. मार्चात मी गाडी शिकायचे पैसे मागितले, तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाले, "माझ्या सहीवर राहतेस तू इथे." आणि आई, ते खरं होतं. माझ्या पासपोर्टातल्या व्हिसावरसुद्धा खाली त्यांचं नाव छापलंय.

माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे अमेरिकेत नोकरीचा एच-वन-बी व्हिसा असलेल्याची बायको. कायद्यात बायको म्हणत नाहीत, जोडीदार म्हणतात. नवरेही असतात म्हणे, आमच्या बिल्डिंगमध्ये मला एकही दिसला नाही. नोकरी करायची तर बहुतेक वेळा नवऱ्याच्या कंपनीने केलेला ग्रीनकार्डाचा अर्ज मंजूर झालेला हवा, आणि ही मुभासुद्धा २०१५ साली आली. ती घेणाऱ्यांत दहात नऊहून जास्त बायका, आणि बहुतेक सगळ्या आपल्याकडच्या. कारण १९९०च्या कायद्याने वर्षाच्या ग्रीनकार्डांत एका देशाला ७ टक्केच वाटा, मग तो देश भारत असो की आइसलँड, म्हणून आपल्या लोकांची रांग वर्षानुवर्षांची. सांगलीत जन्मलेला पुरुष निदान नोकरी करत रांगेत उभा राहतो. आइसलँडच्या बाईला एवढी लांब रांग नाही. मी बाईही आणि सांगलीचीही.

पाच वर्षांत जावयांचं काम त्या अर्जापर्यंत पोचलं नाही, यात त्यांचा दोष नाही, तेवढं त्यांच्या बाजूने सांगते. पण घटस्फोट झाला की माझा एच-फोर संपतो. म्हणून कॉलेजात नाव घातलंय आणि विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी अर्ज केलाय. निकाल लागायच्या आत देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. दिवाळी त्यात गेली. वकीलबाई म्हणतात, तो कागद हातात येईपर्यंत घटस्फोटाचं नाव काढायचं नाही, तेव्हा मावशीजवळही बोलू नका. विशेषतः मावशीजवळ.

परत ये म्हणाल. येईन, पण पाच वर्षं घरी बसलेली बी.फार्म. म्हणून नाही. आई, तुला आठवतं, इस्लामपूरच्या शाळेतली नोकरी सोडलीस तेव्हा तू ट्रंकेवर बसून रडत होतीस? मला वाटलं, मनी मांजर मागे राहिली म्हणून. मी तुला माझी रिबीन दिली होती डोळे पुसायला. बाबा, तुमच्या बदल्यांना नावं ठेवत नाहीये, तुम्ही तरी काय करणार होतात.

एक सांगायचं राहिलं. पाटल्या मोडल्या. ओक ट्री रोडवरच्या सोनाराने काट्यावर ठेवल्या तेव्हा एकीचा तो पोचा दिसला, पोळपाटावर आपटलेला. त्यावर बोट ठेवून जरा बसले, मग म्हटलं, घ्या. रागावलीस तर रागाव. उरलेले पैसे दादाने दिले. त्याला बोलू नका, मीच शपथ घातली होती.

खोली छान आहे. घरमालकीण गुजराती आजी आहेत, पोळपाट-लाटणं त्यांचंच वापरते, हीटर चालतो, ज्वारीचं पीठ कोपऱ्यावर मिळतं. भाकरी अजून चिरते, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय. रात्री झोप लागते, हे मुद्दाम लिहितेय.

आता ऐका. बाबांची तीन महिन्यांची साखर या आठवड्यात तपासून घ्या, रिपोर्टचा फोटो दादाला नाही, मला पाठवा. मोरीतली फरशी बदलून घ्या, पैशांचं कारण सांगू नका. जावयांना फोन करायचा नाही, बाबा, "नुसतं विचारतो" म्हणूनही नाही.

शनिवारी तुमच्या सकाळी सातला मी फोन करेन. आई, तू आधी चहा घे. आणि रडायचं असलं तर रड, मी फोन ठेवणार नाही.

तुमची,
छकुली