भुरळ न पडणारा थेरपिस्ट

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली थेरपिस्टची यादी पाहिली. पहिली पाचही नावं मुलाखतींत आणि व्हिडिओंत झळकणाऱ्यांची आहेत. रागावू नकोस, पण तुझं नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (एनपीडी, म्हणजे स्वतःला सगळ्यांपेक्षा वरचं समजायला लावणारा व्यक्तिमत्त्व विकार) निदान थेरपिस्ट निवडण्याच्या कामातसुद्धा लुडबुड करतं. 'माझ्या तोडीचा' कुणीतरी हवा असं वाटतं, सगळ्यांत नावाजलेला माणूस गाठला जातो, दोन महिने त्याचं कौतुक चालतं, आणि तिसऱ्या महिन्यात तो 'सामान्यच निघाला' म्हणून सुटतो. एनपीडीची थेरपी अर्धवट सुटते ती बऱ्याचदा अशीच. तुझ्या बोलण्याला न भुलणारा आणि तुझ्या टोमण्याने मागे न सरकणारा माणूस हवा. तो फार प्रसिद्ध नसला तरी चालेल.

'नार्सिसिझम तज्ज्ञ' असं शोधलंस तर सापडतील ते बहुतेक नार्सिसिस्ट जोडीदाराचा किंवा आईवडिलांचा जाच सोसलेल्यांना आधार देणारे. त्यांचं काम मोलाचं आहे, पण ते दुसऱ्या बाजूच्या माणसांसाठी. तिथे तुझ्यासारख्याबद्दल एकच सल्ला असतो, 'पळा'. त्याऐवजी 'व्यक्तिमत्त्व विकार' असं शोध, किंवा पद्धतीच्या नावाने शोध.

ट्रान्सफरन्स-फोकस्ड सायकोथेरपी ओटो केर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. तीत आठवड्याला दोन सेशन असतात आणि सुरुवातीलाच करार ठरतो: वेळ, फी, गैरहजेरी, संकटात काय करायचं. थेरपिस्टबद्दल तुला जे वाटतं, कौतुक, तिरस्कार, कंटाळा, तेच तिथे कामाचं साहित्य. जेफ्री यंग यांच्या स्कीमा थेरपीत 'मी सगळ्यांपेक्षा वरचा' म्हणणारी बाजू आणि तिच्याआड बसलेलं एकटं पोर वेगवेगळं ओळखायला शिकवतात. मेंटलायझेशन-बेस्ड ट्रीटमेंटमध्ये भर असतो तो समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा, खात्रीने नव्हे, अंदाजाने विचार करण्यावर. या पद्धतींवरचं संशोधन मुख्यतः बॉर्डरलाइन या दुसऱ्या व्यक्तिमत्त्व विकारावर (ज्यात भावना आणि नाती सतत टोकाला जातात) झालेलं आहे. एनपीडीसाठी त्या जुळवून घेतात. म्हणून 'हमखास बरा करतो' म्हणणाऱ्याचं नाव खोडून टाक. माझं मत विचारशील तर पद्धतीवर फार अडू नकोस. व्यक्तिमत्त्व विकाराचे पेशंट वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस यातल्या कुठल्याही पद्धतीचा असला तरी चालेल.

निदान नीट झालंय का, हेही पहिल्या भेटीत विचार. डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेत एनपीडीचे नऊ निकष आहेत, त्यांतले किमान पाच लागतात, आणि ते ऐन तारुण्यापासून, घरी-दारी सगळीकडे दिसायला हवेत. बायपोलर विकाराच्या मेनियात, म्हणजे मन अति चढलेलं असतं त्या काळातही, माणूस स्वतःला राजा समजतो, पण ते आठवडाभर किंवा जास्त टिकून ओसरतं, आणि सोबत झोपेची गरज कमी होते. हा फरक सायकिअ‍ॅट्रिस्टनेच करायचा असतो. दुसऱ्या कुणी आयसीडी-११ नुसार, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीप्रमाणे लिहिलं तर एनपीडी हे नाव कागदावर नसेलही. तिथे विकार सौम्य, मध्यम की तीव्र आणि स्वभावाचे कोणते पैलू ठळक, एवढंच लिहितात. नेटवरच्या चाळीस प्रश्नांच्या चाचणीचे गुण मात्र कुणाला दाखवू नकोस. ती स्वभावाचा कल मोजते, त्यावरून निदान होत नाही. आणि एनपीडीसाठी खास असं औषध नाही. नैराश्याची गोळी चालू आहे ती नैराश्यासाठी. ती मनाने बंद करायची नाही.

फोनवर फार बोलू नकोस. असं म्हण: "मला नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालंय. व्यक्तिमत्त्व विकाराचे पेशंट तुम्ही नियमित घेता का? कुठल्या पद्धतीने? मी मध्येच सोडून जायला निघालो तर तुम्ही काय करता?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐक. 'पेशंटची इच्छा' एवढंच म्हणून जो थांबतो, तो तुला सहज जाऊ देईल. 'त्यावर आधी एकदोन सेशन बोलू' म्हणणारा बरा. निदान ऐकताच ज्याचा आवाज थंड होतो, त्याला आभार मानून फोन ठेव. स्वतःच्या अवघड केसेसबद्दल तो कुणाचा सल्ला घेतो का, हेही विचार. या कामात अनुभवी माणसालाही दुसऱ्या डोळ्यांची गरज असते. नाहीतर पेशंटची स्तुती त्याच्या डोक्यात जाते किंवा पेशंटचा तुच्छपणा त्याला बोचत राहतो.

पहिली तीनचार सेशन ओळख आणि तपासणीत जातात. तिथे कामगिरीची यादी नेऊ नकोस. अलीकडचे तीन प्रसंग लिहून ने: कोण काय म्हणालं, तू काय म्हणालास, आणि तोंड उघडण्याच्या आधीच्या क्षणी अंगात काय झालं. कान तापले, छातीत रिकामं वाटलं, हसू आलं, जे असेल ते. 'त्याचं कसं चुकलं' हा भाग गाळ. तो तुला पाठ आहे, थेरपिस्टला त्याचा उपयोग नाही.

आता सगळ्यांत अवघड जागा. कधीतरी, बहुधा सगळं छान चाललंय असं वाटत असताना, थेरपिस्ट तुझ्या वाक्याच्या मधोमध घड्याळाकडे बघेल. किंवा तू मागच्या वेळी सांगितलेलं नाव विसरेल. तू गप्प होशील, उरलेली दहा मिनिटं अगदी गोड बोलशील, आणि घरी येऊन 'आता गरज वाटत नाही, धन्यवाद' असा नेटका मेसेज टाइप करशील. तो पाठवू नकोस. पुढच्या सेशनला जाऊन पहिलंच वाक्य म्हण: "तुम्ही घड्याळाकडे बघितलंत तेव्हा मला अपमान वाटला." थेरपिस्टने चूक मान्य केली, तुला काय वाटलं ते विचारलं, आणि तरी सेशन ठरल्या वेळीच संपवलं, तर माणूस योग्य मिळालाय. ती पंचेचाळीस मिनिटं आधीच्या दहा सेशनपेक्षा जास्त कामाची असतील.

सोडायची खरी कारणं वेगळी. तो तुला फक्त वाहवा देतो, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी सांगतो, बाहेर मैत्री वाढवतो, किंवा मुद्दाम पाणउतारा करून त्याला 'आरसा दाखवणं' म्हणतो. मग बिनदिक्कत ऊठ. जोडप्याची थेरपी हवी असेल तर नंतर बघा. आधी तीच सुरू केली की सेशनचं कोर्ट होतं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची, लाज वाटली तरी. मोठा अपमान झाला, नोकरी किंवा नातं गेलं, की या विकारात जीव देण्याचे विचार अचानक येऊ शकतात, नैराश्य नसतानाही. पूर्वी आले असतील तर ते सांग, आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, कुठल्या इमर्जन्सीला जायचं, हे कागदावर लिहून घे. त्या कागदावर माझा नंबरही टाक.

किती दिवस लागतील, तर महिन्यांचा नव्हे, वर्षांचा हिशेब धर. एक वर्ष झालं की दोघांनी बसून काय हललं ते बघा: भांडणानंतर किती दिवसांनी बोलतोस, 'माझं चुकलं' पुढे 'पण' न लावता म्हणता येतं का. या खुणा घरच्यांना तुझ्याआधी दिसतात, म्हणून थेरपिस्टने विचारलं तर मी एखाद्या सेशनला येईन. तुझी थेरपिस्ट मात्र मी होऊ शकत नाही. आईसमोर जिंकायची सवय तुला फार जुनी आहे.

सेशनहून आलास की तिथे काय बोललास ते मला सांगू नकोस, मी विचारणारही नाही. पुढची तारीख घेतलीस का, एवढंच विचारेन.

तुझी,
आई