अमोनियम सल्फेट गंधकासाठी घ्या, सामू उतरवायला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरियाची टंचाई झाली की त्याच्यासोबत दुसरी एखादी गोणी शेतकऱ्याच्या गळ्यात मारायची, हा लिंकिंगचा प्रकार मराठवाड्याला नवा नाही. ती दुसरी गोणी अमोनियम सल्फेटची असली की सोबत तीन वाक्ये फुकट मिळतात: याने जमिनीचा सामू (पीएच, आम्ल-विम्ल निर्देशांक) उतरतो, याचे नत्र उडत नाही आणि सोयाबीनचे पिवळेपण जाते. खत चांगले आहे. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही तिन्ही वाक्ये तपासून घ्यावी लागतात.

आधी सामू. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी खत आहे हे खरे. १०० किलो खतातून तयार होणारे आम्ल साधारण ११० किलो चुनखडी खाते. आता एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती धरा. तिचे वजन आठ लाख किलोच्या आसपास भरते. मुक्त चुना ५ टक्के असेल तर त्या मातीत ४० हजार किलो चुनखडी आहे. ५० किलोची एक गोणी त्यातली ५५ किलो संपवणार. वर्षाला एक गोणी टाकत राहिलात तर सातशेहून जास्त वर्षे लागतील! मुळांजवळ पट्ट्यात दिले तर तेवढ्या जागेपुरता, थोड्या दिवसांसाठी सामू जरा खाली येतो आणि स्फुरद, जस्त घ्यायला पिकाला मदत होते. फायदा एवढाच.

नत्र उडण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण इथे पैसा जातो. आम्लधर्मी किंवा उदासीन जमिनीत अमोनियम सल्फेटचे नत्र युरियापेक्षा खरोखर कमी उडते. चुनखडीत मात्र कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट यांची अभिक्रिया होऊन जिप्सम (गंधक असलेले कॅल्शियम सल्फेट) आणि अमोनियम कार्बोनेट तयार होते आणि त्यातून अमोनिया वायू निघून जातो. गंमत अशी की १९५१ मध्ये सिंद्रीच्या सरकारी कारखान्यात हेच खत नेमक्या उलट वाटेने बनू लागले: जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट एकत्र आणायचे, अमोनियम सल्फेट काढून घ्यायचे, खाली चुनखडी उरायची. कारखान्याने जे जोडले ते आपले रान सोडवते. म्हणून ओल्या जमिनीवर फेकून मोकळे होऊ नका. दोन-तीन इंच खोल पेरून द्या, नाहीतर टाकल्याबरोबर कोळपून मातीआड करा, किंवा लगेच पाणी द्या. वरची माती ओली, ऊन आणि वारा असे तिन्ही जुळले तर पहिल्या काही दिवसांतच मोठा तोटा होतो. बियाण्याला खत चिकटू देऊ नका, उगवण मार खाते. बाजूला आणि खाली दोन इंच अंतर हवे.

उडालेला अमोनिया हवेत तसाच राहत नाही. परळीसारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जळताना सल्फर डायऑक्साइड निघतो, हवेत त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि अमोनिया भेटला की त्याचे अमोनियम सल्फेटचे बारीक कण बनतात. हे कण पीएम २.५ मध्ये मोडतात, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक, फुप्फुसात खोलवर जाणारे. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की ते पाणी ओढून फुगतात आणि प्रकाश विखुरतात. हिवाळ्यातल्या सकाळी क्षितिजावर दिसणाऱ्या धुरकटपणात त्यांचाही वाटा असतो. धुराड्याचा दोष शेतकऱ्याचा नाही, पण युरिया आणि शेण उघड्यावर राहिले की अमोनिया आपल्याकडूनही जातो.

आता पिवळेपण. पाने पाहिल्याशिवाय गोणी फोडू नका. कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या, तर ती लोहाची कमतरता. त्यावर अमोनियम सल्फेट उपयोगाचे नाही. आधी साचलेले पाणी काढा, मग ०.५ टक्का फेरस सल्फेट किंवा चिलेटेड (पिकाला सहज घेता येणाऱ्या रूपातले) लोह फवारा. कोवळे पान शिरांसकट सारखे फिकट पडले तर गंधकाची शंका घ्या. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो मोझॅक हा विषाणूरोग, तिथे कोणतेच खत चालत नाही.

या खतात नत्र २०.५ टक्के आणि गंधक २३ टक्के. म्हणजे ५० किलोच्या गोणीत सव्वादहा किलो नत्र आणि साडेअकरा किलो गंधक. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते, तेव्हा निव्वळ नत्रासाठी हे घेणे महागात पडते. सोयाबीनला हेक्टरी २० ते ३० किलो गंधक पुरते. सिंगल सुपर फॉस्फेट वापरणाऱ्याला ते त्यातूनच मिळते. २०:२०:०:१३ हे मिश्र खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश, गंधकाच्या टक्क्यांचे) वापरणाऱ्याला तर ५० किलोच्या गोणीमागे साडेसहा किलो मिळते, आणि त्या गोणीत अमोनियम सल्फेट असतेच. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) वापरणाऱ्याचे गंधक राहते, पण नत्र भागलेले असते, म्हणून त्याला जिप्सम बरे. जास्त नत्राने सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी कमी होतात. आमच्या मते या खताची खरी जागा कांदा, गहू, ऊस आणि वसमतकडची हळद. तिथे वरखताच्या युरियातला काही भाग बदलून हे द्यावे, तेही मातीच्या अहवालात उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भागांच्या) खाली असेल तर.

ठिबकमधून देताना १० किलो खत ५० लिटर पाण्यात सहज विरघळते. विरघळताना पाणी थंड पडते, त्यात काही बिघाड नाही. पण कॅल्शियम नायट्रेट त्याच टाकीत पडले की जिप्समचा गाळ बसतो आणि ड्रिपर बंद होतात. दोन्हींच्या मध्ये साध्या पाण्याची पाळी द्या. चुना, राख किंवा बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात) हे खत मिसळले की अमोनियाचा वास येतो, म्हणजे नत्र गेले. पितळी नोझल वापरल्यावर लगेच धुवा, अमोनियम क्षार तांब्या-पितळेला खातात. ब्लीचिंग पावडर आणि हे खत एकाच कोपऱ्यात कधीच ठेवू नका. ओलाव्यात दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरामाइन वायू तयार होतात. अमोनियम नायट्रेटसारखा स्फोटाचा धोका मात्र याला नाही. अग्निशामकातल्या एबीसी पावडरमध्येही अमोनियम सल्फेट असते.

गोणीत मीठ किंवा दुसरी पांढरी पूड नाही ना, याची पहिली चाचणी पानाच्या डबीतल्या चुन्याने होते. काचेच्या पेल्यात चिमूटभर खत आणि थोडा ओला चुना कालवा, दुरूनच वास घ्या. अस्सल खताला लगेच नाक झोंबते. मीठ, मॅग्नेशियम सल्फेट किंवा थंड युरियाला तसा वास येत नाही. वास आला म्हणून प्रमाण बरोबर असेलच असे नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. त्यासाठी पक्के बिल आणि गोणीवरचा बॅच क्रमांक जपून ठेवावा.

आपले,
माती परीक्षणाच्या कामातले काही वाचक, परभणी